हातापुरता उजेड

भाच्याने कॅमेरा घेतला, ट्रायपॉड घेतला, आणि मग मला फोन करून विचारलं की रात्रीचे फोटो काढायला जाताना बॅटरी कुठली घेऊ. बॅटरी म्हणजे हातातली, टॉर्च. आमच्या घरात तिला कोणी कधी टॉर्च म्हटलं नाही. माडीच्या जिन्याखाली खिळ्याला टांगलेली तीन सेलची चकचकीत नळी म्हणजे बॅटरी, आणि तिला हात लावायचा हक्क फक्त आजोबांचा. असो. मी उत्तर द्यायला सुरुवात केली तेव्हा लक्षात आलं की साहेबांनी ती आधीच घेऊन ठेवली आहे. कपाळाला बांधायची, १००० ल्युमेनची. विचारणं नुसतं मामाचा मान राखायला.

१००० ल्युमेन! हरवलेली म्हैस रानातून शोधून आणायची असेल तर ठीक आहे. पण हा जाणार होता चोर्ला घाटात, आधी आकाशगंगा आणि मग पावसाच्या तोंडावर काजवे टिपायला. अंधाराचे फोटो काढायला जाणाऱ्याने अंधार मारण्याचं यंत्र आधी विकत घ्यावं, ही आपल्याकडच्या बाजाराची गंमत आहे. पाकिटावर ल्युमेनचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू चांगली, असा एक समज पक्का बसलेला आहे. या कामासाठी तो बरोबर उलटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी एकदा चांगलंच तोंडावर पडून बनवलेलं आहे. ती गोष्ट पुढे येईल.

आधी हे बघू की रात्री कॅमेऱ्यापाशी उजेड लागतो कशाला. दृश्य उजळायला नाही, ते काम चंद्राचं, तारकांचं, पणत्यांचं. उजेड लागतो आपल्या हातांना. लेन्स बदलायची आहे, ट्रायपॉडचा चिमटा घट्ट करायचा आहे, कार्ड भरलं म्हणून दुसरं घालायचं आहे, लेन्सचं झाकण पडलं ते गवतातून शोधायचं आहे, काचेवर दव बसलंय का ते बघायचं आहे. सगळं हाताच्या अंतरावर, फार तर दीड-दोन फुटांवर. तेवढ्या अंतरावर ५ ल्युमेनचा मिणमिणता दिवासुद्धा लख्ख पौर्णिमेच्या चांदण्याच्या निदान तीसपट उजेड देतो. चांदण्यात आपण वाट चालतो, माणूस ओळखतो, मग त्याच्या तीसपट उजेडात लेन्सचा खाच-खुंट जुळणार नाही काय? उलट १००० ल्युमेनवाला दिवा तेवढ्याच अंतरावर ढगाळ दिवसाइतका उजेड पाडतो. हात दिसतात, पण दिवा मालवल्यावर पुढची वीस मिनिटं हातांशिवाय काहीच दिसत नाही.

कारण डोळ्याचं गणित वेगळं आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू दिवसाचे, रंग ओळखणारे. दंड रात्रीचे, रंगांधळे पण अतिशय तीक्ष्ण. अंधारात गेल्यावर शंकू दहाएक मिनिटांत जमवून घेतात, पण दंडांना पूर्ण जागं व्हायला तीस-चाळीस मिनिटं लागतात. त्यांच्यातलं जे रसायन उजेडाने विरघळतं ते हळूहळू परत भरावं लागतं. आणि एक झगझगीत झोत आला की सगळी शिल्लक शून्यावर. ही शिल्लक किती मोलाची असते हे कळायला म्हादईच्या अभयारण्यात पावसाळ्यातली एक रात्र काढावी. कुजक्या लाकडावर मायसिना कुळातली बुरशी फिकट हिरवी उजळत असते. पहिली दहा मिनिटं तुम्हाला वाटतं, सांगणाऱ्याने थाप मारली. मग कुठेतरी एक पुसट डाग. मग आणखी एक. अर्ध्या तासाने पायाखालची काटकी न् काटकी चमकताना दिसते. आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी मोबाईल वाजतो, बायकोला ‘पोचलों’ म्हणून सांगायला तो पडदा उजळतो, आणि सगळ्यांची बुरशी विझते. बुरशी तिथेच असते हो. आपले डोळे गेलेले असतात.

यावर उपाय म्हणून लाल दिवा सांगतात. तो खरा आहे. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यांची तीक्ष्णता निळसर हिरव्या रंगाला सर्वांत जास्त असते. म्हणून गडद लाल उजेडात शंकूंना कामापुरतं दिसतं आणि दंड झोपमोड न होता आपलं काम करत राहतात. काही दुकानदार ‘नाइट व्हिजन’ म्हणून हिरवा दिवा खपवतात. ज्या रंगाला रात्रीचा डोळा सर्वांत हळवा, तोच रंग त्याच्यावर मारायचा, याचं तर्कशास्त्र मला आजवर कोणी समजावलेलं नाही. अगदी मंद केला तर तोही चालेल, पण मग मंद पांढराही चालेल की!

आणि इथेच लाल दिव्याबद्दलची अर्धवट भक्ती मला पटत नाही. लाल म्हणजे निर्धोक असं नाही. झगझगीत लालही डोळे घालवतो, आणि अगदी मंद पांढरा पुष्कळदा त्याच्यापेक्षा बरा. रंगापेक्षा मंदपणा आधी. शिवाय लाल उजेडाचे स्वतःचे घोळ आहेत. कॅननच्या ईएफ लेन्सवर जोडणीची खूण म्हणून लाल ठिपका असतो, ईएफ-एस लेन्सवर पांढरा चौकोन. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या कड्यावर दोन्ही खुणा शेजारी-शेजारी. लाल उजेडात लाल काय आणि पांढरं काय, सारखंच! मी एकदा अगोंदच्या खडकांवर बसून लेन्स चुकीच्या खुणेला लावून पाच मिनिटं पिरगळत होतो आणि मनात कंपनीचा उद्धार करत होतो. दोष कंपनीचा नव्हता. तसंच वहीत लाल शाईने लिहिलेलं टिपण लाल दिव्यात गायब होतं. तेव्हा ज्यांची खूण रंगावर अवलंबून आहे त्यांनी ती बोटाने चाचपून ओळखायला शिकावं, नाहीतर क्षणभर मंद पिवळा दिवा लावावा.

दुसरा गैरसमज याहून जुना आहे आणि आमच्या पिढीतल्यांचा आहे. आम्ही डार्करूम पाहिलेली माणसं. लाल दिव्याखाली रसायनाच्या तबकात पांढऱ्या कागदावर माणसाचा चेहरा उमटताना पाहिला, की तो लाल दिवा देवघरातल्या समईसारखा मनात बसतो. लाल उजेडाने फोटो खराब होत नाही, हे आम्ही तिथे शिकलो. ते त्या कागदापुरतं खरं होतं, कृष्णधवल छपाईच्या कागदाला लाल रंग कळत नसे. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला तो उत्तम कळतो. तुम्ही तीस सेकंदांसाठी शटर उघडं ठेवलं आहे आणि शेजारचा गृहस्थ लाल दिवा कपाळाला लावून पिशवीत काहीतरी शोधतो आहे, तर तुमच्या फोटोत खालचा अर्धा भाग होमकुंडासारखा येणार. लाल दिवा माणसाच्या डोळ्याला सांभाळतो, कॅमेऱ्याला नाही. म्हणून चार जण एकत्र असतील तर दिवा लावण्यापूर्वी ‘लावू का?’ विचारायचं. एवढंच. त्यासाठी कुठलं यंत्र विकत मिळत नाही.

आता ती तोंडावर पडल्याची गोष्ट.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. फोंडा महालातल्या एका देवळातला दिवजोत्सव. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुवासिनी हातात मातीची दिवजं घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात. एका दिवजाला पाच वाती. अशी शेकडो दिवजं रांगेने चाललेली. त्या वेळी आवारातले विजेचे दिवे मालवले होते. चेहऱ्यांवर खालून येणारा तेलाचा पिवळा उजेड, नथीचा मोती तेवढा चमकतोय, शालूच्या जरीवर ज्योती हलताहेत. कुठल्याही फोटोग्राफरच्या तोंडाला पाणी सुटावं. मी दीपस्तंभाच्या चौथऱ्याशी उभा होतो. वाइड लेन्स काढून लांबची लावायची होती, म्हणून कपाळावरच्या दिव्याचं बटण दाबलं. त्या दिव्यात लाल रंगाची सोय होती. फक्त लालपर्यंत पोचायला आधी पांढरा प्रखर, मग पांढरा मध्यम, मग लुकलुकणारा, अशा तीन पायऱ्या ओलांडाव्या लागत. मी पहिलं बटण दाबलं आणि त्याच वेळी रांगेत काहीतरी हललं म्हणून मान वर केली. झोत सरळ समोरच्या बाईंच्या डोळ्यांत.

साठीच्या असतील. त्या थबकल्या, मागची त्यांच्यावर आदळली, आणि कोणाच्या तरी दिवजातलं गरम तेल कोणाच्या तरी मनगटावर सांडलं. मोठं काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या बाई मला जे बोलल्या ते अजून कानात आहे. ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, ‘‘बाबा, तो दिवो पालय मरे. आमकां वाट दिसना.’’

दिवा मालव, आम्हाला वाट दिसत नाही! हातातल्या पाच वातींवर ज्यांना देवळाचं अख्खं आवार दिसत होतं, त्यांना माझ्या शंभर-दोनशे ल्युमेननी आंधळं केलं होतं. त्या रात्री मी आणखी फोटो काढले नाहीत. काढले असते तरी आले नसते, हात थरथरत होते.

तेव्हापासून दिवा घेताना मी ल्युमेन शेवटी बघतो. आधी बघतो ते बटण. दाबल्याबरोबर पहिला कुठला उजेड येतो? लाल किंवा सर्वांत मंद आला पाहिजे. लालसाठी वेगळं बटण असेल तर उत्तम. मालवून परत लावल्यावर आधीचीच पायरी लक्षात ठेवत असेल तरी चालेल. पण जो दिवा दरवेळी प्रखर पांढऱ्यापासून सुरू होतो तो कितीही नामांकित कंपनीचा असो, या कामाला नालायक. दुकानात उभं राहून पाच-सहा वेळा दाबून बघावं. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. मागवून घेत असाल तर घरी आल्यावर पहिल्या रात्री खोलीत अंधार करून बघा, आणि पटला नाही तर परत पाठवा.

दुसरी गोष्ट, तो कपाळावर बांधावा का? सगळे बांधतात. दोन्ही हात मोकळे राहतात हे खरं. पण कपाळावरचा दिवा तुम्ही बघाल तिकडे बघतो, आणि माणूस माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघतो. म्हणजे संभाषणाचं पहिलं वाक्य म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत झोत. मी आताशा तो दिवा गळ्यात अडकवतो, पट्टा आखूड करून, तोंड खाली. छातीपाशी उजेडाचं एक वर्तुळ पडतं, कॅमेरा नेमका त्यात असतो. मान कुठेही वळवा, उजेड जागचा हलत नाही. पावसाळ्यात तर याचा आणखी एक फायदा. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उठते तेव्हा कपाळावर पांढरा दिवा लावून उघडा कॅमेरा हातात धरून बघा. किडे नाकात, तोंडात, आणि लेन्स काढलेली असेल तर कॅमेऱ्याच्या पोटात. लाल उजेडाकडे ते पुष्कळच कमी येतात, आणि आले तरी छातीशी येतात, चेहऱ्याशी नाही.

विकतचा नको असेल तर घरगुती उपायही आहे. चतुर्थी-दिवाळीला आकाशकंदिलासाठी आपण तांबडा जिलेटीन कागद आणतो, त्याचे दोन-तीन थर साध्या छोट्या बॅटरीच्या तोंडावर रबराने बांधावेत. एक थर पुरत नाही, एलईडीचा निळसर उजेड त्यातून झिरपतो. माझा एक दिवा अजून असाच आहे, त्याच्यावरचा कागद दर दिवाळीला बदलतो. आपल्याकडच्या दमट हवेत रबर आधी जातं, मग कागद. त्याहून वाईट म्हणजे सेल. साधे अल्कलाइन सेल पावसाळाभर दिव्यात ठेवले की पाझरतात आणि आतल्या पत्र्याला हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. काम झालं की सेल काढून ठेवायचे. त्याने पिशवीत आपोआप बटण दाबून दिवा रात्रभर जळत राहण्याचाही प्रश्न मिटतो. परत भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल असतील तर छानच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, आणि रानातले साप? बरोबर आहे. मण्यार रात्रीच फिरते, फुरशी पाचोळ्यात दिसत नाही, आणि गोव्याच्या कातळावर, कुळागरात, शेताच्या बांधावर ५ ल्युमेनच्या लाल दिव्याने चालणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. चालण्याचा दिवा वेगळा आणि हाताचा दिवा वेगळा! एकच दिवा दोन्ही कामं करील हा हट्टच सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. जागेवर पोचेपर्यंत चांगला पांढरा झोत, पायापुढे चार-पाच हातांवर, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट. पोचलं, जागा नीट बघून घेतली, ट्रायपॉड रोवला, की तो मोठा दिवा बंद करून पिशवीत, आणि छोटा गळ्यात. पूर्वी रात्री शेजारच्या वाड्यावर जायचं तर माडाच्या सुक्या चुडताची चूड पेटवून हलवत हलवत जात. घरी पोचल्यावर पायरीशी ती विझवत. चूड घेऊन कोणी माजघरात शिरत नसे.

आणि काही ठिकाणी छोटासुद्धा नको. मोरजी, अगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं वाळूतून बाहेर आल्यावर समुद्रावरच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने धावतात. माणसाचा दिवा दिसला की दिशा चुकतात. अंडी घालायला वर येणारी मादी उजेड बघून तशीच परत फिरते. तिथे ‘माझा लाल आहे हो’ म्हणणाऱ्याने सरळ घरी बसावं. काजव्यांचंही तेच. नराने उडताना लुकलुक करायची आणि मादीने झुडपातून त्याला उत्तर द्यायचं, असा त्यांचा अंधारातला पत्रव्यवहार. मध्येच आपण झोत टाकला तर उत्तर येत नाही, आणि काजव्याच्या हातात दिवस तरी किती असतात? मोठा झाल्यावर दोन-तीन आठवडे. आपला फोटो पुढच्या वर्षीही निघेल.

मग तिथे लेन्स कशी बदलायची? बदलायचीच नाही. उजेड असतानाच जाऊन बसायचं. संधिप्रकाशात फोकस लांबच्या झाडावर नेमून चिकटपट्टीने कडं पक्कं करायचं, कॅमेऱ्याचा पडदा बंद, फोकसला मदत करणारा दिवा बंद, कार्डाजवळ लुकलुकणाऱ्या बारीक दिव्यावर काळी पट्टी. आणि हातांना शिकवून ठेवायचं. घरी पंख्याखाली बसून, डोळे मिटून, कार्ड काढा, घाला. सेल काढा, घाला. पिशवीत प्रत्येक वस्तूची जागा एकच, भरलेलं कार्ड उजव्या खिशात, रिकामं डाव्या. माझी आजी पावसाळ्यात वीज गेली की काळोखात उठून कोनाड्यातली आगपेटी, फडताळावरचा कंदील, त्याची काच पुसायचं फडकं, सगळं न चाचपडता घेई. आम्हाला नवल वाटे. तिला आमचं, की वीज गेली की ही पोरं आहेत तिथेच का ओरडत बसतात.

शेवटी भाच्याने तो १००० ल्युमेनवाला परत केला नाही, चालायला ठेवला. दुसरा छोटा घेतला, पहिल्या दाबाला लाल होणारा. एप्रिलमध्ये पहाटे दोनला आम्ही दोघं चोर्ल्याच्या पठारावर होतो. मी थर्मासमधला चहा ओतत होतो, तो फोटो काढत होता. परवा त्याने त्यातला एक पाठवला. आकाशगंगा सुरेख आली आहे, आग्नेयेकडून तिरपी वर चढत गेलेली. फक्त डाव्या कोपऱ्यात, खाली, एक लाल वेडीवाकडी रेघ. मी फोन करून विचारलं, ही कोणाची रे?

‘‘ती तुजीच, मामा. च्या ओततालो न्ही.’’